ताई, माझ्या मायच्या हाती पुस्तक देणाऱ्या तुम्हीच

स. न. वि. वि.

ताई, पोरगी या जूनमध्ये पहिलीला बसली. शाळेत नाव घालायच्या आधी अंगणवाडीत आलो होतो. तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही वजनकाट्याशी होता, बायकांची रांग लागली होती. मी तसाच परत फिरलो. म्हणून हे पत्र, अन् चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं.

ती अडीच वर्षांची झाली तरी मोजून आठ शब्द बोलायची. पाणी, बाबा, नको, असले. मी दिवसभर केजला खताच्या दुकानात, बायको शिवणकामात. जेवताना मोबाईल समोर लावल्याशिवाय लेकराच्या तोंडात घास जात नव्हता. एका दवाखान्यात दाखवलं, तर दोन मिनिटांत "बोलेल हळूहळू" म्हणून वाटेला लावलं. गावात कुणी म्हणे जीभ जड आहे, कुणी म्हणे बापावर गेली. तुम्ही मात्र घरी आलात, तिच्या पाठीमागं उभं राहून वाटी वाजवलीत, हवं ते बोटानं दाखवते का विचारलंत अन् म्हणालात, "आधी कान तपासून घ्या, बाकीचं नंतर." अंबाजोगाईला नेऊन तपासणी केली. कान चांगले निघाले. ज्याचं लेकरू उशिरा बोलतंय त्यानं पुस्तकाच्या आधी हेच करावं, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

मग तुम्ही पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलंत. एका पानावर एक चित्र, खाली एक ओळ. ते तुम्ही माझ्या हाती दिलं नाही, बायकोच्याही नाही. मायच्या मांडीवर ठेवलंत.

"मला कुठं वाचता येतंय, बाई?" माय म्हणाली.

"मावशी, श्रावणात पोथीला बसता ना? मग तसंच करायचं."

आमच्याकडे श्रावणभर मारुतीच्या देवळात पोथी लावतात. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, ऐकणारे मधून मधून "हं" म्हणतात. हुंकार आला नाही की सांगणारा थांबतो. माय चाळीस वर्षं पोथीला बसतेय. अक्षरओळख नाही, पण ऐकवणं कसं असतं ते तिला पक्कं माहीत आहे. आम्हा घरच्यांना हे कधी दिसलं नव्हतं, ताई. तुम्हाला उंबऱ्यावर बसल्या बसल्या दिसलं.

तुम्ही तिला एवढंच सांगितलंत: लेकराला कुशीत घ्या, बोट चित्रावर ठेवा, काय दिसतंय ते सांगा, मधेच विचारा, अन् विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तोवर आपण बोलायचं नाही. हे मोजणं सगळ्यात अवघड. मी करायला गेलो की तिसऱ्या आकड्यालाच उत्तर सांगून मोकळा व्हायचो. माय थांबायची.

म्हशीचं पान होतं. म्हैस डबक्यात बसलेली, शिंगावर माशी. माय रोज म्हणायची, "म्हशीनं शेपूट हलवलं, अन् माशी उडाली." विसेक दिवसांनी एका संध्याकाळी ती "अन् माशी..." म्हणून थांबली. मी दारात चपला काढत होतो. मायचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन... सातव्या पेरावर पोरगी म्हणाली, "उलाली." मायनं नुसतं "हं" केलं अन् पान उलटलं. मी मात्र तसाच उभा राहिलो, एक चप्पल पायात.

तेच पुस्तक ती रोज मागायची. मला वाटलं, कंटाळेल, दुसरं आणावं. तुम्ही म्हणालात, "मागतेय तोवर तेच वाचा." पुढं माझ्या वाचनात आलं की ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठानं 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं होतं. त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांना नवे शब्द जास्त पक्के झाले, वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्यांना कमी.

आपण घरात लेकराशी काय बोलतो? ये, बस, जेव, गप. पुस्तकात कुंपण येतं, ढोली येते, "हळूच" येतं, "कुजबुजला" येतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये हिशेब मांडला. रोज पाच पुस्तकं ऐकणारं मूल पाच वर्षांचं होईतो, कधीच न ऐकणाऱ्यापेक्षा सुमारे 14 लाख शब्द जास्त ऐकतं. रोज एकच पुस्तक झालं तरी फरक 2 लाख 90 हजारांच्या घरात जातो. रोज पाच आमच्याच्यानं होत नाहीत. एक मात्र चुकत नाही. रात्री नऊला दुकानातून आलो की ती दहा मिनिटं माझी.

अन् भाषेचं. पुस्तकात कोंबडी टोपलीखाली होती, माय म्हणायची डालग्याखाली. मी दुरुस्त करायला गेलो तर तुम्ही मलाच थांबवलंत. "दोन्ही सांगा. टोपली पुस्तकातली, डालगं आपलं." आता पोरगी शाळेत टोपली म्हणते, घरी डालगं म्हणते, अन् दोन्ही एकच नाहीत हेही समजावून सांगते. मायचं बोलणं अशुद्ध नाही, हे तुम्ही माझ्या देखत म्हणालात. त्या दिवसापासून माय घरात मोकळ्या गळ्यानं गोष्टी सांगायला लागली.

दिवाळीच्या आगंमागं वस्तीवरची निम्मी घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. तुम्ही त्या लेकरांसोबत कापडी पिशवीतून दोन-दोन पुस्तकं पाठवता अन् गोष्टी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मोबाईलवर धाडता, हे कमी लोकांना माहीत आहे. त्यातही तुमचा निरोप असतो: आवाज माझा असला तरी पान उलटायला कोपीवरचं, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतलं, कुणीतरी जवळ बसा. इतकी रजिस्टरं भरून, मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी करून हे तुम्ही कधी करता, मला खरंच उमगत नाही.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या पत्र्याच्या पेटीत पाणी शिरलं अन् पुस्तकं फुगली, ते बघितलं होतं. सुताराकडून मांडणी करून घेतलीय. लाकूड बाभळीचं आहे, टिकेल. उंची दोन फूटच ठेवली, रांगणाऱ्या लेकराचाही हात पुरावा म्हणून. गुरुवारी टेम्पोत घालून आणतो. म्हशीचं पुस्तक तेवढं परत मागू नका, ताई. त्याच्या चार पानांना चिकटपट्टी लागलीय अन् माय ते उशाशी ठेवते. त्याच्या बदल्यात नवं घेऊन येतो.

आपला,
तुमच्या अंगणवाडीतल्या एका लेकराचा बाप