बोलेरो द्यायची की ठेवायची

दि. १० एप्रिल २०२६

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलणं झालंय, तरी पत्र लिहायला बसले. फोनवर तू शिफ्टला निघायच्या घाईत असतोस, अण्णांचा आवाज चढतो, मी दोघांची समजूत काढत बसते आणि माझं म्हणणं राहूनच जातं. आत्ता कांदा काढणाऱ्या बाया जेवायला बसल्या आहेत, आजीचा डोळा लागलाय, म्हणून ओट्यावर वही घेऊन बसले.

तुझं म्हणणं असं की बोलेरोची पंधरा वर्षं जूनमध्ये भरताहेत. आता आरटीओच्या पासिंगवर पैसे घालण्यापेक्षा ती एक्स्चेंजला द्यावी, पिकअप घ्यावी, आणि तू चाकणची नोकरी सोडून घरी येऊन ती चालवावी. अण्णा ताडकन नाही म्हणाले, ते मनाला लावून घेऊ नकोस. नाशिकच्या कारखान्यात बनलेली गाडी आपल्या दारात आली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वस्तीला पेढे वाटले होते. त्यांचा जीव गुंतलाय तिच्यात. मी मात्र लगेच नाही म्हणणार नाही.

कारण पिकअपची गरज आहे, हे मी रोज बघते. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा टोमॅटोचा तोडा तुला फोनवर सांगितला होता, पण पुरता नाही. ९६ कॅरेट भरून आंब्याखाली लावले होते. भाड्याचा पिकअपवाला बारा वाजता येतो म्हणाला होता. दोन वाजले, तीन वाजले, मी दर अर्ध्या तासाला ओली पोती बदलत होते. त्याला मध्येच लांबचं भाडं मिळालं, तो तिकडे गेला. शेवटी अण्णांनी वैतागून बोलेरोची सीट दुमडली, अठरा कॅरेट कोंबले आणि एक खेप पिंपळगावला टाकून आले. उरलेला माल दिवेलागणीला निघाला. मार्केटमध्ये पोचला तेव्हा लिलाव उरकत आले होते, दोन-तीनच व्यापारी उरलेले. इतरांच्या निम्म्या भावात दिला. दुसऱ्या दिवशी सण, माल ठेवणार तरी कुठे?

त्या खेपेत खालच्या कॅरेटमधल्या पिकल्या टोमॅटोचा रस गाडीच्या मॅटखाली उतरला. मी सोडा लावून तीनदा धुतलं. अजूनही ऊन तापलं की आंबूस वास येतो, आणि मधल्या सीटच्या कडेला कॅरेटच्या कोपऱ्यानं फाटलंय ते तसंच आहे. आजी तिथेच बसते. बसताना तो फाटका भाग हातानं नीट करते, काही बोलत नाही.

तर तुझं दुखणं मला माहीत आहे. आता माझ्या वहीतलं ऐक.

गेल्या हंगामात आपले १,८६० कॅरेट गेले. कॅरेटमागे भाडं १४ रुपये, म्हणजे २६,०४० रुपये. लासलगावला कांद्याच्या चार खेपा, दीड हजारानं ६,०००. शेणखत, औषधं, सुतळी, बांबू असं किरकोळ ७,९००. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आतच. द्राक्षाचा व्यापारी माल बागेतून स्वतः उचलतो, तिथे भाडं नाहीच.

आता दुसरी बाजू. पिकअप रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते, हे तूच सांगितलंस. बोलेरोचे दोन-सव्वादोन लाख येतील. वरची रक्कम घरातून घातली तरी साडेसात लाख कर्ज आलं. पाच वर्षांसाठी महिन्याला सोळा हजारांचा हप्ता, म्हणजे वर्षाला एक लाख नव्वद हजारांच्या वर. विमा, टायर, डिझेल वेगळं. चाळीस हजारांचं भाडं वाचवायला आपण दोन लाख भरणार. मी हे तीन वेळा मांडून पाहिलं, बाळा. आपल्याच मालासाठी पिकअप परवडत नाही. दुसऱ्याचा माल उचलला तरच परवडते.

म्हणजे तू शेतीला हातभार लावायला येणार नाहीस, तू भाडी मारायला येणार. त्यात कमीपणा नाही. पण ते काम काय असतं ते नीट बघ. हंगामात एकाच दिवशी सगळ्यांचा तोडा असतो. ज्याचा माल आधी नेशील तो खूश, ज्याचा नंतर नेशील तो माझ्यासारखा ओली पोती बदलत बसेल आणि तुला शिव्या देईल. आपल्याला फसवलेल्या त्या माणसावर मी फार चिडले होते. नंतर मार्केटच्या आवारात त्याला पाहिलं, केबिनमध्ये पाय दुमडून झोपला होता, बाहेर टोमॅटोचं पाणी गळतंय, अंगावर सकाळचाच शर्ट. त्यालाही हप्ता होता. लांबचं भाडं सोडणं त्याला झेपलं नसतं. हे समजल्यावर माझा राग गेला असं नाही, पण त्या जागी तू मला दिसलास.

आणि वजनाचं. दीड टनाच्या गाडीत वीस किलोचे, कॅरेटच्या वजनासकट बाविसाचे धरले तर अडुसष्ट कॅरेट बसतात. आपल्याकडे शंभरच्या खाली कोणी भरत नाही. तू अडुसष्टच भरतो म्हणालास तर शेतकरी दुसरी गाडी बोलावेल, आणि सव्वाशे भरलेस तर पाटे बसतील, ब्रेक लागणार नाही, आणि पकडलास तर वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. एका खेपेला महिन्याचा हप्ता गेला. तू हे करणार नाहीस असं म्हणशील. पण हप्त्याची तारीख जवळ आली की माणूस काय करतो, ते मी माझ्या भावाच्या बाबतीत पाहिलंय.

तू नारायणगावचं उदाहरण दिलंस. २०२३ च्या जुलैत तिथे कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं, लोकांनी दारात नव्या गाड्या लावल्या, खरं आहे. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्याकडे कॅरेट शंभराच्या आसपास आलं होतं आणि लोकांनी माल रस्त्यावर ओतला. तू तेव्हा घरीच होतास. बाजार दोन महिन्यांत वरून खाली येतो, हप्ता मात्र साठ महिने तेवढाच राहतो.

लायसन्सची चिंता तू करत होतास, ती सोडून दे. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंतची मालाची गाडी हलक्या गाडीच्या साध्या लायसन्सवर चालते. बाकी कागदपत्रांचं मात्र लक्षात घे. बोलेरोला आपण पंधरा वर्षांत पासिंगसाठी एकदाही गेलो नाही. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला, म्हणजे पिकअपला, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, मग दरवर्षी.

आता माझ्या मनातलं. बोलेरो गेली तर या घरात बसायच्या जागा दोन उरतात. एक ड्रायव्हरची, एक शेजारची. आम्ही घरी तिघं, तू आलास की चौघं, ताई लेकरांना घेऊन आली की सात. आजीसाठी तू दाराच्या वरच्या कडीला माझ्या जुन्या साडीची पट्टी बांधून दिली होतीस, आठवतं? तीन गाठी मारल्यास, एक खाली, एक मध्ये, एक वर, म्हणजे हात सरकत सरकत वर जाईल. आजी अजून त्याच गाठी धरून चढते. मधली गाठ काळी पडलीय. दर महिन्याला नाशिकला दवाखान्यात जाते ती त्या पट्टीच्या आधारावर. पिकअपच्या केबिनमध्ये तिचं पाऊल वर जाणार नाही, आणि गेलं तरी मी कुठे बसू?

आजोबांची रात्र तर तू विसरूच शकत नाहीस. थंडी इतकी की निफाडला पारा पाचावर आलेला, गाडी हीटर तापल्याशिवाय चालू होईना. मधल्या सीटवर आजोबा आडवे, डोकं माझ्या मांडीवर, आणि तू मागच्या आडव्या बाकावरून हात पुढे घालून त्यांचे पाय चोळत होतास. पंधरा वर्षांचा होतास. त्यानंतर आजोबा तीन वर्षं जगले आणि ताईचं लग्न बघून गेले.

हौद्यात बसू, असं कोणी म्हणेल. गावात सगळेच बसतात, लग्नाला, गडाला. पण गेल्या श्रावणातल्या सोमवारी तुझ्या चाकणच्याच तालुक्यात, पाईटहून कुंडेश्वराला निघालेली पिकअप घाटाच्या चढावर मागे घसरून खाली गेली. बहुतेक बायाच होत्या, उपवासाच्या, देवाला निघालेल्या. मी टीव्हीवर त्यांच्या चपला पाहिल्या आणि त्या रात्री जेवले नाही. आम्ही चैत्रात सप्तशृंगीला जातो तेव्हा वस्तीवरच्या चार जणी येतातच, ‘वहिनी, जागा आहे का’ म्हणून. दारात फक्त पिकअप असेल तर त्या हौद्यात चढतील, आणि मी एकीलाही नाही म्हणू शकणार नाही. हौद्यातल्या माणसाला विमाही नसतो. स्टिअरिंगवर तू असशील.

पाच जण बसतील आणि मागे हौदाही असेल अशी कॅम्पर घेऊ, हे तू शेवटी म्हणालास. ती मी बघून आले. पलीकडच्या मळ्यात आहे एक. मागची सीट ताठ आहे, पण आजीला चालेल. पण ती बोलेरोइतकी घरची होत नाही आणि पिकअपइतका मालही घेत नाही, आणि हप्ता तेवढाच. पांढऱ्या नंबरप्लेटच्या त्या पंचवीस-तीस लाखांच्या मोठ्या पिकअप आपल्यासाठी नाहीत, त्यावर वेळ घालवत नाही.

खरं सांगू? मला वाटतं तुला पिकअप नको आहे, तुला घरी यायचं आहे. दोन वर्षं कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी ब्रेक, चार जणांच्या खोलीत राहणं, हे तू सांगत नाहीस पण दिवाळीला तुझा चेहरा पाहिला मी. रिकाम्या हातानं घरी आलास असं कोणी म्हणू नये म्हणून तू गाडी मध्ये घातलीस. बाळा, घरी यायला गाडी लागत नाही. तू उद्या ये. बॅग घेऊन ये. अण्णा पहिले चार दिवस बोलणार नाहीत, पाचव्या दिवशी तुला बागेत घेऊन जातील.

मी असं ठरवलंय, तू नीट विचार कर. बोलेरोचं पासिंग करून घ्यायचं, पुढच्या पाच वर्षांसाठी. फी पाच हजार, पर्यावरण कर वेगळा, आणि मिस्त्रीनं क्लच प्लेट, मागचे पाटे, दोन टायर मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार सांगितलेत. ते द्राक्षाच्या पैशातून बाजूला काढलेत. सीट शिवून घ्यायची आहे, ती मी माझ्या पसंतीच्या कापडानं घेणार.

आणि तू या हंगामात सप्टेंबर ते डिसेंबर कोणाच्या तरी पिकअपवर ड्रायव्हर म्हणून राहा. ओळखीत दोघांना माणूस हवाच आहे, मी विचारून ठेवलंय. चार महिने खेपा मार, रात्रीचे लिलाव बघ, डिझेल किती जातं, पैसे किती दिवसांनी हातात येतात, कोण बुडवतं, सगळं वहीत लिही. मी दाखवते तसंच लिही, रोजच्या रोज. जानेवारीत आपण दोघं ती वही घेऊन बसू. जमतंय असं दिसलं तर जुनी पिकअप बघायची, चार-पाच वर्षं वापरलेली. हौद्याचा पत्रा खालून गंजलाय का, चासीला जोड मारलाय का, फिटनेस कधीपर्यंत आहे, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का, हे मिस्त्रीला घेऊन बघायचं. बचत गटातले आणि पोस्टातले मिळून माझे ८५,००० आहेत. त्यांना मी ताईच्या बाळंतपणानंतर हात लावला नव्हता. ते तुझे. बोलेरो न विकता.

अण्णांना यातलं पैशाचं अजून सांगितलेलं नाही. तू येशील तेव्हा मी सांगेन, तू बोलू नकोस.

आखिती रविवारी १९ तारखेला आली आहे. सुट्टी मिळव. आंबे अजून महाग आहेत पण आमरस करणार आहे, ताईपण येतेय. शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघालास तर पिंपळगावच्या फाट्यावर अण्णा बोलेरो घेऊन येतील. त्यांनीच सांगितलंय, मी नाही. येताना आजीच्या गुडघ्याचं मलम आण, निळ्या ट्यूबचं, इथे मिळत नाही.

बाया उठल्या, मला जायला हवं.

तुझी,
आई