आई-बाबा, पाऊस लागायच्या आधी

ती. आई आणि बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेले की बाबा लगेच "बरं बरं, आईला देतो" म्हणतात आणि आई "जेवलीस का" वर येते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यांदा वाचून दाखवा.

मे संपत आलाय, आणि मला आत्तापासूनच तुमचा जुलै-ऑगस्ट दिसायला लागलाय. मागच्या पावसाळ्यात मी आठ दिवस घरी होते तेव्हा रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात खुर्चीवर बसलेले, तोंडावर मोबाईलचा उजेड, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघताय. किती आहे विचारलं तर म्हणालात, "अठ्ठावीस, काही नाही, झोप तू." अठ्ठावीस फूट म्हणजे खरंच काही नाही, इशारा पातळी 40 ला आणि धोका 45 ला. पण तुम्ही परत चारला बघितलंत, पाचला बघितलंत. आणि आई आतल्या खोलीत जागीच होती, फक्त बोलली नाही.

बाबा, रागावू नका, पण 2019 च्या महापुरात तुम्ही अगदी उलटं केलंत. 2005 ला पाणी आपल्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं ना, त्या भरवशावर तुम्ही शांत बसलात. शेजारचे सामान हलवत होते तेव्हा "गावभागात एवढं येत नाही" म्हणत चहा पीत होतात. मग आयर्विनला 57 फूट झालं आणि तुम्हा दोघांना होडीतून काढावं लागलं. तेव्हा सगळे म्हणायचे, तुझ्या बाबांचं मन किती स्थिर. मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं की ती स्थिरता नव्हती, बघायचंच नाही असं ठरवलेलं होतं. आणि आता अर्ध्या अर्ध्या तासाला बघणं हेही स्थिर नाही. दोन्हीकडे भीतीच हाकतेय.

हे माझ्या लक्षात कुठं आलं सांगते. फेब्रुवारीत आळत्याला दहा दिवस विपश्यनेला, म्हणजे मौनात ध्यान शिकायला, गेले होते, तुम्हाला फक्त "शिबिर आहे, फोन लागणार नाही" एवढंच सांगितलं होतं. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीशी श्वास बघायचा, बाकी काही नाही. चौथ्या दिवसापासून तासभर मांडी न मोडता बसायला सांगतात. विसाव्या मिनिटाला माझ्या डाव्या गुडघ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. आणि दुखण्यापेक्षा जास्त मनात चाललेलं, की आता पाय कायमचा गेला, उद्या जिना चढता येणार नाही, ऑफिसला काय सांगू, आई काय म्हणेल, इतकं सगळं एका गुडघ्यावरून. ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचा टेपवरचा आवाज सांगत होता की फक्त बघा, समता ठेवा, म्हणजे मन डळमळू देऊ नका. मला राग आला. पण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून बघत राहिले, तर ते एकसारखं दुखत नव्हतं. ठणका यायचा, ओसरायचा, मधे थोडं रिकामं, परत यायचा. सातव्या दिवशीही दुखलंच, पण त्याच्यावर रचलेली गोष्ट तेवढी कमी झाली होती.

तुम्ही दोघांनी दहा दिवस जावं असं अजिबात म्हणत नाहीये. आईच्या बीपीच्या गोळ्या आणि बाबांची कंबर मला माहितीय. आणि आईला ते येतंच की. आई, तू दुपारी वाती वळतेस ना, तळहाताला चिमूटभर राख लावून, कापूस एकसारखा ओढत, तेव्हा तुझा श्वाससुद्धा हळू होतो, मी लहानपणापासून बघतेय. पण पाऊस वाढला की तू नेमक्या वातीच बंद करतेस आणि टीव्हीसमोर बसतेस. उलटं कर. पाणी चढेल तशा जास्त वळ.

आणि बाबा, तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. मार्केट यार्डात पस्तीस वर्षं पेढीवर दिवाणजी होतात, हळदीचा भाव चढो नाहीतर पडो, रोजकीर्दीतलं तुमचं अक्षर कधी वाकडं झालं नाही, कारण काय करायचं ते ठरलेलं असायचं, आकडा आला की लिहायचा. तसंच पाण्याचं करू. आयर्विनला 35 झालं की कागदपत्रांची पिशवी, औषधं आणि आईचे दागिने भरून दाराशी. 38 ला फ्रीज आणि गाद्या माळ्यावर, त्यासाठी दोन पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय. 40 ला, म्हणजे धोक्याच्या पाच फूट आधी, विश्रामबागला मावशीकडं, तिथं वाद नाही, 2005 ची आठवण नाही. मोबाईल बघायचा सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. कोयनेचे दरवाजे उघडले तरी पाणी लगेच आपल्या दारात येत नाही, आधी कराड, ताकारी, भिलवडी चढतं, तेवढा वेळ हातात असतो. पाऊस जास्तच असला तर मी इथनं दर दोन तासांनी बघीन आणि आकडा ओलांडला तर फोन करीन, रात्री दोनला सुद्धा. म्हणजे रात्री फोन वाजला नाही तर झोपायचं. ग्रुपवर येणारे "धरण फुटलं"चे व्हिडिओ उघडायचेच नाहीत.

भीती वाटणारच हो. मलाही इथं पुण्यात पत्र्यावर पाऊस वाजला की पोटात गोळा येतो. तो येतो, मी दोन मिनिटं नुसती बसते, मग उठून पातळी एकदाच बघते. रोज जमतं असं नाही. पण गेल्या महिन्यात ऑफिसात मोठी गडबड झाली तेव्हा जमलं, तिथल्या तिथं उलट उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी नीट बोलले आणि काम वाचलं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. एक नवी वही आणतेय, लाल पुठ्ठ्याची, तुमच्या पेढीवर असायची तशी. पहिल्या पानावर 35, 38, 40 आणि त्यापुढं काय करायचं ते बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि ते पान फोनच्या शेजारी ठेवायचं.

आई, कापूस आहे का घरात, का आणू?

तुमची,
मनी