ऑबर्नचा घरजावई

सिरॅक्यूज,
12 ऑक्टोबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला महिना झाला, शिव्या घालायच्या तर घाल.

शाळेतला सामान्यज्ञानाचा प्रश्न आठवतो? अमेरिकेने अलास्का कितीला घेतला? 72 लाख डॉलरला, रशियाकडून. तो सौदा जमवणारा विल्यम सेवर्ड इथून जवळच्याच ऑबर्न गावचा. परवा त्याचं घर बघून आलो. ‘त्याचं’ म्हणतोय खरा, पण घर सासऱ्याचं! न्यायाधीश इलायजा मिलरने पोरगी देताना अट घातली, लग्नानंतर माझ्याच घरी राहायचं. 1824 साली गडी घरजावई झाला. पुढे गव्हर्नर, सेनेटर, लिंकनचा परराष्ट्रमंत्री झाला, तरी घर म्हणजे हेच.

मला मात्र नवऱ्यापेक्षा बायकोच जास्त भावली. फ्रान्सिस. 1835 मध्ये दोघं व्हर्जिनियात फिरायला गेले होते. तिथे एका व्यापाऱ्याने दहा लहान पोरं मनगटांना दोर बांधून हाकत आणलेली तिने पाहिली. लिलावाला चालली होती. तिला पुढचा प्रवास नकोसा झाला. पुढे याच घरात पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळायचा. एकदा फ्रान्सिस बाहेरगावी असताना सेवर्डने तिला पत्रात कळवलं, काल रात्री दोन पाहुणे आले, आणि आपला ‘वॉच’ त्यातल्या एकाच्या अंगावर गेला. वॉच म्हणजे कुत्रा! सापडलं असतं तर दंड आणि कैद, आणि हे गृहस्थ कुत्र्याची तक्रार लिहितायत.

1859 मध्ये गावाबाहेरची सात एकर जागा त्यांनी हॅरिएट टबमनला, म्हणजे दक्षिणेतून गुलामांना गुपचूप सोडवून आणणाऱ्या बाईला, सवलतीत विकली. ती स्वतः कायद्याने फरारी गुलाम. जमीन फ्रान्सिसच्या माहेरची.

1860 ला राष्ट्राध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी सेवर्डलाच, असं धरून ऑबर्नकरांनी तोफ आणून ठेवली होती. लोक बागेत जमले, आणि शिकागोहून, पक्षाच्या अधिवेशनातून, तार आली लिंकनच्या नावाची. तोफ तशीच परत. आपल्याकडे निकालाआधी पेढ्यांची ऑर्डर देतात ना, तसंच.

पण खरा घाव 1865 चा. घोडागाडीच्या अपघातात जबडा आणि हात मोडून सेवर्ड वॉशिंग्टनच्या घरी अंथरुणावर होता. 14 एप्रिलच्या रात्री, तिकडे लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच सुमारास, त्याच कटातला लुईस पॉवेल ‘डॉक्टरांनी औषध पाठवलंय’ म्हणत दारात आला. जिन्यात फ्रेडरिकने, म्हणजे मुलाने, अडवलं. पिस्तूल उडालं नाही, तर त्याच पिस्तुलाने त्याचं डोकं फोडलं. आत शिरून म्हाताऱ्याच्या गालावर सुरीचे वार केले. त्या खोलीत वीस वर्षांची फॅनी होती, त्यांची एकुलती उरलेली लेक. थोरली कॉर्नेलिया तान्ही असतानाच देवीने गेली होती. फॅनी रोजनिशी लिहायची, त्या रात्रीचं सगळं तिने लिहून ठेवलंय.

बाप वाचला, फ्रेडरिकही वाचला. फ्रान्सिस मात्र दोन महिन्यांत गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात फॅनी, क्षयाने.

अलास्काच्या तहावर सही झाली 30 मार्च 1867 ला, पहाटे चारला. फॅनीला जाऊन जेमतेम पाच महिने. इतक्या रात्री तो माणूस घरी कशाला जाईल, असं मला राहून राहून वाटत होतं.

तू आलास की ऑबर्नला परत जाऊ. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या