वार म्हणजे नाळ नव्हे

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातल्या मधुमेहावर लेख आला. विषय घेतलात त्याबद्दल आभार. पण ‘डोहाळे पुरवताना गोड जास्त होतं आणि साखर वाढते’ हे त्यातलं निदान चूक आहे. असं छापून आलं की सासूबाईंपासून नवऱ्यापर्यंत सगळं घर त्या बाईच्या ताटाकडे बघू लागतं, आणि ती भीतीपोटी जेवण तोडते.

ही साखर वाढते वारेमुळे, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या आणि बाळंतपणात त्याच्यामागून पडणाऱ्या अवयवामुळे. वार मोठी होते तसं तिच्यातून येणाऱ्या लॅक्टोजेन, वाढीचं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचं (हॉर्मोन्सचं) प्रमाण चढत जातं आणि आईच्या अंगात इन्सुलिनचा असर कमी पडू लागतो. हा बिघाड नव्हे. जेवणानंतर आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी आणि ती बाळाला मिळावी, अशी ही सोय आहे आणि ती प्रत्येक गरोदर बाईत होते. बहुतेकींचं स्वादुपिंड दुपटीहून जास्त इन्सुलिन करून ते भरून काढतं. जिचं तेवढं पुरत नाही, तिची साखर वाढते. गोड आवरायला हवं, पण ते उपचार म्हणून. दोष म्हणून नव्हे.

‘जाड बायकांचा आजार’ हेही पुण्याच्या वर्तमानपत्राने लिहू नये. इथल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे त्यातून जगापुढे आलं. आपल्याकडे नुसत्या बांध्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तपासणीबद्दल लेखात ‘उपाशीपोटी जा’ असं सरसकट सांगितलंय. सरकारी पद्धतीत उपाशी असण्याची अट नाही. पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत, वारेचा जोर वाढतो तेव्हा, पुन्हा एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलि पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर मधुमेह धरून उपचार सुरू. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, नंतर झाली तर तपासणी चालू ठेवायची. पुडीवर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर ७५ नव्हे, ८२.५ ग्रॅम मोजायचं, कारण त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं. ९२ (उपाशीपोटी), १८० (एका तासाने) आणि १५३ (दोन तासांनी) हे लेखातले आकडे उपाशीपोटीच्या दुसऱ्या पद्धतीचे आहेत. दोन्हींची सरमिसळ केली की निदानच चुकतं.

सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या वाक्यात आहे: ‘बाळंतपणानंतर हा आजार आपोआप बरा होतो.’ वार पडली की त्या संप्रेरकांचा उगमच जातो, साखर उतरते, बहुतेकींचं इन्सुलिन बंद होतं, हे खरं. पण स्वादुपिंड अपुरं पडलं होतं ही गोष्ट तिथेच राहते आणि पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची, या वेळी मात्र उपाशीपोटी, आणि पुढे दर वर्षी साखर बघायची. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, फाइल पुण्यात राहते आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते. बाळाचा दीड महिन्याचा डोस त्याच आठवड्यात असतो. त्या दिवशी आईने न खाता जावं आणि दोन्ही कामं एकाच खेपेत उरकावीत.

आणखी एक. लेखात सगळीकडे ‘नाळ’ छापलंय. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीला जोडलेली दोरी. बाळामागून पडते ती वार, आणि संप्रेरकं तयार होतात ती तिच्यात. ‘वार पडली का?’ हे आपल्या सुईणी पिढ्यान्‌पिढ्या विचारत आल्या आहेत. ज्या आजाराचं मूळच वारेत आहे त्यावरच्या लेखात हा शब्द एकदाही नाही. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापाल, तेव्हा सहा आठवड्यांच्या तपासणीची ओळ कृपया ठळक अक्षरात घ्या.

— एक वाचक, कोथरूड, पुणे