तीन रात्री देणाऱ्या माणसाला

आदरणीय नेक्टर रोरिस यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते वाचता येणार नाही. पण इकडे बॉस्टनच्या आसपास नोकरी सांभाळून वाजवणारे आम्ही बरेच मराठी लोक आहोत. त्या सगळ्यांना तुमचं नाव ठाऊक असायला हवं, असं या आठवड्यात फार तीव्रतेने वाटलं.

परवा एका क्लबने आम्हाला दुसऱ्याच गाण्यात थांबवलं. "लोकांच्या ओळखीचं वाजवा, नाहीतर आवरा." आम्ही आवरलं. त्या रात्री घरी येऊन फिश या अमेरिकन रॉक बँडचा 'अ पिक्चर ऑफ नेक्टर' हा अल्बम लावला आणि त्यासोबत छापलेला मजकूर पुन्हा वाचला. वाचताना डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

फिशच्या पोरांनी लिहिलंय की १ डिसेंबर १९८४ ला तुम्ही त्यांना व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमधल्या तुमच्या रेस्टॉरंटात वाजवू दिलं. अनुभव नव्हता, शिस्त नव्हती, दोन सेट भरतील एवढी गाणीसुद्धा नव्हती. तरी तुम्ही हो म्हणालात. आणि पुढे दर महिन्याला सलग तीन रात्री दिल्यात.

त्या तीन रात्रींशीच मी अडकून पडलोय. एक रात्र कुणीही देतो, उपकार केल्यासारखी. पण जॅम, म्हणजे न ठरवता सुचेल तसं लांबवत वाजवणाऱ्याला लागते ती दुसरी आणि तिसरी. पहिल्या रात्री गाणं भरकटतं, ड्रमर एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. दुसऱ्या रात्री एकमेकांचं ऐकू यायला लागतं. तिसऱ्या रात्री कधीतरी असं काही सापडतं, जे कुणीच ठरवलेलं नसतं. आमच्याकडे गवयाला राग मांडायला वेळ लागतो, हे श्रोत्यांना सांगावं लागत नाही. तुम्ही तेव्हा खाणावळ चालवणारा माणूस, ग्रेव्ही घातलेल्या फ्राइजसाठी प्रसिद्ध. पण हे तुम्हालाही कुणी सांगावं लागलं नाही.

बाकीच्यांचं काय? १९८९ च्या सुरुवातीला बॉस्टनमधल्या एका नावाजलेल्या क्लबने फिशला कार्यक्रम द्यायला नकार दिला. मग फिशच्याच माणसांनी तो क्लबच भाड्याने घेतला, व्हरमाँटहून चाहते बसने आले आणि सगळी तिकिटं खपली! ही गोष्ट मी आमच्या ड्रमरला दर नकारानंतर ऐकवतो.

१८ फेब्रुवारी १९९२ ला इलेक्ट्राने हा अल्बम काढला. एवढ्या मोठ्या कंपनीकडून त्यांचा हा पहिलाच. अशा वेळी बँडवाले स्वतःचे फोटो लावतात. यांनी मुखपृष्ठावर एक संत्रं ठेवलं आणि त्या संत्र्यात तुमचा चेहरा. नावातही तुम्हीच. ध्वनिमुद्रणसुद्धा बर्लिंग्टनमध्येच केलं. आत सोळा तुकडे: 'पुअर हार्ट' ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचं, 'मॅगिला' जॅझ, जॅझवाल्या डिझी गिलेस्पीचं 'मँटेका', आणि 'ट्वीझर', जे मंचावर कधी कधी अर्ध्या तासाच्याही पुढे जातं. काही लोक म्हणतात, अल्बम विस्कळीत आहे. मला तसं मुळीच वाटत नाही. रात्रभर वाट्टेल ते करून बघायची मुभा ज्यांना मिळाली, ते असंच वाजवणार, आणि असंच वाजवावं.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणगी आठवते. तुम्ही जागा दिलीत, वेळ दिलात, आणि काय वाजवायचं ते त्यांच्यावर सोडलंत. गल्ला सांभाळून हे करणं किती अवघड असेल, ते आता नकार खाऊन खाऊन मला कळतंय. असे मालक कमी असतात, पण असतात, आणि त्यांच्यामुळेच आमच्यासारखे लोक वाद्यं विकून टाकत नाहीत.

ड्रमरला काल फोन केला. तालीम रविवारी आहे. मनापासून आभार.

आपला ऋणी,
बॉस्टनचा एक गिटारवाला