विहिरीत किती पाणी आहे?

उत्तरकाशी, 28 मे

ती. आई आणि नानांना साष्टांग नमस्कार,

आई, यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले नाही, याचं मलाही वाईट वाटतं. घागर भरून तू वर डांगर ठेवलंस, माझ्या नावाने पुरणपोळीही बाजूला काढलीस, हे वहिनीने सांगितलं. गंगोत्रीच्या मंदिराचे दरवाजेही आखाजीलाच उघडतात, हे मला इथे आल्यावर कळलं. तेव्हा तुझी फार आठवण आली.

परवा गोमुख पाहिलं, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड. गंगोत्रीहून 18 किलोमीटर पायी. दिवसाला दीडशेच माणसांना परवाना मिळतो. आदल्या दिवशी 14 किलोमीटर चालून भोजबासाला मुक्काम केला. रात्री एवढी थंडी, की तुझ्या दोन गोधड्याही पुरल्या नसत्या. तिकडे तेव्हा पारा 45 वर होता म्हणे.

मला वाटलं होतं, पांढराशुभ्र डोंगर दिसेल. पण समोर होती तापीकाठच्या दरडीसारखी मळकट, उंच भिंत, माथ्यावर दगडमाती लादलेली. जिथे ताजा कडा तुटलाय तिथेच आत निळा बर्फ दिसतो. कधी एखादा दगड सुटून खाली आदळतो, म्हणून वाटाड्याने जवळ जाऊ दिलं नाही. या तोंडामागे 30 किलोमीटरच्या आसपास हिमनदी पसरलीय, जळगावहून भुसावळ मागे टाकून पुढे जाईल एवढी लांब.

नाना, तिथलं पाणी तुम्ही बघायला हवं होतं. दुधात राख कालवावी तसं. बर्फ सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतो, ते पीठ पाण्यात उतरतं. आणि सकाळी दगडांवर पाय ठेवत ओलांडलेला ओहोळ परतताना गुडघ्यापर्यंत आला होता. आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतो आणि दुपारी पाणी चढतं. तुम्ही काठावर बसून दिवसभर तेच बघत राहिला असता.

परतताना वाटाड्याने काठीने एक जागा दाखवली. तो लहान असताना बर्फ तिथवर होता. आता तिथे नुसते गोटे. 1935 पासून गोमुख दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. मला आपली विहीर आठवली. दर उन्हाळ्यात तुम्ही आत उतरून भिंतीवर चुन्याची रेघ ओढायचात आणि वर आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलायचा नाहीत. दरवर्षी रेघ खाली जायची, मग केळीला पाणी पुरेना म्हणून बोअर घेतलं. तेव्हा तुम्ही का गप्प असायचात, ते मला त्या गोट्यांवर उभी असताना कळलं. फार रडू आलं. तुमच्याजवळ यावंसं वाटलं.

आई, तुझी गंगोत्री राहिलीय. मोटार थेट गावापर्यंत जाते, नानांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. गाव दहा हजार फुटांवर आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेऊ. पुढच्या वर्षी मी न्यायला येते.

स्टीलच्या बाटलीत पाणी घेतलंय. तळाशी गाळ बसेल, तो फेकू नकोस, नानांना दाखव.

आणि नाना, यंदाची रेघ कुठवर गेली? पाणी किती हात आहे, रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
ताई