लेसन वहीत परत आणा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाइलविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वरचेवर पत्रे येतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख आईवडिलांवर, त्यातही आईवर, असतो. मी बडोद्यात ३१ वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. आता निवृत्त असून मुलगा, सून आणि सातवीतली नात यांच्यासह दांडिया बाजारात राहते. घरात रोज जे पाहते आणि शेजारपाजारच्या आयांकडून जे ऐकते, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, रोज संध्याकाळी लहान मुलाच्या हातात फोन देण्याचे काम आज घरापेक्षा शाळाच जास्त करीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ पाठवण्याची जी पद्धत सर्रास रूढ झाली आहे, तिच्याविषयी हे पत्र आहे. गृहपाठाला आम्ही बडोदेकर मराठी माणसेही गुजराती शेजाऱ्यांप्रमाणे ‘लेसन’च म्हणतो, तेव्हा पुढे तोच शब्द वापरते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा फोनशिवाय दुसरा मार्गच नव्हता, आणि त्या दिवसांत ज्या शिक्षकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा टेकवून मुलांना शिकवले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पुढे शाळा उघडल्या, मुले पुन्हा बाकांवर बसू लागली, फळे पुन्हा भरू लागले. लेसन मात्र फोनवरच राहिला.

माझी सून मकरपुऱ्याला नोकरी करते. साडेसातला ती घरात शिरते आणि पर्स खाली ठेवायच्या आत नात फोन मागते, कारण लेसन ग्रुपवर आलेला असतो. मागण्यात तिची काही चूक नाही. फळ्याचा तिरका काढलेला फोटो असतो. अक्षर लागत नाही म्हणून दोन बोटांनी तो मोठा करायचा, एक ओळ वहीत उतरवायची, तेवढ्यात स्क्रीन काळी होते, मग पॅटर्न काढून फोन पुन्हा उघडायचा. पाऊण पान उतरवायला असा तासभर जातो, आणि त्या तासात वरून एकेक मेसेज घसरत खाली येत असतो: मावसबहिणीने पाठवलेली रील, कोणाच्या वाढदिवसाचे फोटो, सुनेच्या ऑफिसचे काहीबाही. लेसन नऊला संपतो आणि फोन साडेदहापर्यंत हातातच राहतो. काढून घ्यायला जावे, तर गणिताचा अजून यायचा आहे असे उत्तर मिळते, आणि कधी कधी रात्री दहा वाजता गणिताचा खरोखरच येतो. अशा वेळी आईने काय करावे? फोन दिला तर मूल त्यात गुंतते आणि दिला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात उभे राहावे लागते.

गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी आम्ही कोल्हापूरजवळच्या खेड्यात गेलो होतो. तिथे पहिल्याच रात्री नात रडू लागली. पोट दुखते का, कोणी काही बोलले का, असे सगळे विचारून झाल्यावर कळले की, आईच्याच फोनवर जन्मसाल खोटे टाकून तिने स्नॅपचॅट या फोटो पाठवण्याच्या ॲपचे खाते उघडले होते, वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर तिची ‘स्ट्रीक’ चालू होती आणि त्या गावात रेंज नव्हती. स्ट्रीक म्हणजे दोघींनी चोवीस तासांच्या आत एकमेकींना एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की साठवलेला आकडा जातो, आणि मुदत संपत आली की नावापुढे वाळूचे घड्याळ दिसू लागते. तिचा आकडा १४३ वर पोहोचला होता. एवढे कसले फोटो पाठवता, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आजी, काहीही चालतं. पंखा, चादर, अर्धं कपाळ. फक्त पाठवायला लागतं.” ते वाळूचे घड्याळ मोठ्या, शिकल्यासवरलेल्या माणसांनी विचार करून तिथे ठेवलेले आहे आणि बारा वर्षांची मुलगी त्याकडे पाहत रात्र काढते, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

आकडा गेला. मैत्रीण चार दिवस बोलली नाही आणि मुलींनी हिला वगळून दुसरा ग्रुप काढला. मुली पूर्वीही रुसत. मी वर्गात असे शेकडो रुसवे पाहिले आहेत. पण ते डब्याच्या सुट्टीत सुरू होत आणि बहुधा पुढच्या डब्याच्या सुट्टीत मिटत; घरी गेल्यावर मुलीला त्यातून सुटका असे. आताचा रुसवा मुलीबरोबर घरी येतो आणि रात्री तिच्या उशाशी असतो.

नातीला कोणताही आजार नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण या विषयावर बोलताना माणसे फार लवकर टोकाला जातात. पण लग्नाहून आल्यावर पंधरा-वीस दिवस ती उशिरापर्यंत जागी असे, सकाळी डोळे चोळत व्हॅनमध्ये बसे आणि आवडीचा खो-खो सोडते म्हणे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढील किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. नातीला साडेपाचला उठावे लागते. म्हणजे तिने साडेआठला आडवे व्हायला हवे, आणि लेसन तर नऊला संपतो. नंतर पतंगांचे उत्तरायण आले. दोन दिवस सकाळपासून सगळी मुले गच्चीवर होती. एकाच्या हातात दोरी, दुसऱ्याच्या हातात फिरकी, बोटे कापलेली, तोंडात चिक्की. फोन खाली कपाटावर पडून होता आणि त्याची कोणालाही आठवण झाली नाही. त्या दोन्ही रात्री ती जेवता जेवताच पेंगुळली.

सोशल मीडियामुळे मुलांचे मन बिघडते की आधीच उदास असलेले मूल फोनकडे अधिक वळते, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे आणि त्यात एक बाजू घेण्याइतका माझा अधिकार नाही. परंतु अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दिवसाला तीन तासांहून अधिक काळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांसह मानसिक आरोग्याच्या तक्रारींचा धोका दुप्पट असतो, असे नमूद केले आहे, आणि ही माध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेला तर मोबाइल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी २०१४ मध्येच स्वतंत्र क्लिनिक सुरू करावे लागले. ज्यांच्या घरी प्रश्न झोपेच्या पुढे गेला आहे त्यांनी संकोच न करता १४४१६ या टेली-मानस नावाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि विनामूल्य आहे.

फोन अभ्यासासाठीच दिला आहे, हे समाधान किती टिकणारे आहे, ते ग्रामीण शिक्षणाची स्थिती मांडणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत दिसते. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. ही पाहणी खेड्यांतील आहे, परंतु आमच्या गल्लीत ती केली असती तर आकडे याहून बरे आले असते, असे मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. त्या कायद्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट ही की, दंड मुलाला किंवा पालकाला नाही, कंपनीला आहे, आणि तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून या तरतुदी लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण आमच्या घरचा फोन सुनेचा आहे, सिमकार्ड सुनेचे आहे आणि पलीकडच्या कंपनीला रात्री दहा वाजता दिसते ती एक अडतीस वर्षांची नोकरदार बाई. लेसनसाठी आईचा फोन मुलाच्या हातात जात राहील, तोवर वयाची अट घालणारा कोणताही कायदा त्या मुलाला ओळखणार कसा? दिल्लीने जे करायचे ते दिल्ली करील. हे एवढे काम मुख्याध्यापकांच्या सहीने उद्या होऊ शकते.

एकट्या घराला हे जमत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आम्ही जानेवारीत आठवडाभर फोन बंद ठेवून पाहिला. तीन लेसन राहिले आणि वहीत तीन लाल शेरे आले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सर्वांनी मिळून ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. त्यांनाही ही गरज शाळा फोनवर भरू लागल्यानंतरच जाणवली होती. बडोद्यासारख्या शहरात एका भोंग्याने भागणार नाही. पण पन्नास मुलांचा वर्ग हे एक लहान गावच आहे आणि त्याचा सरपंच म्हणजे वर्गशिक्षक.

हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण सर्वांसाठी एकच नियम करून मुलांचे भले साधण्याचा पाठ देशाला याच शहराने दिला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. त्या दंडाविरुद्ध कुरकूर पुष्कळ झाली असणार. पण शेजाऱ्याचा मुलगा शेतावर राबतो आणि आपला मात्र शाळेत बसतो, ही रुखरुख त्या नियमाने संपवली, कारण दोघांनाही एकाच वेळी शाळेत जावे लागले. पुढे १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. वर्गात हा पाठ शिकवताना माझा ऊर भरून येई. त्याच शहरातल्या मुलांच्या संध्याकाळी आज ज्या प्रकारे चालल्या आहेत ते पाहवत नाही.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. ग्रुपमुळे डायरी तपासावी लागत नाही आणि ‘आम्हाला कळवले नाही’ ही पालकांची तक्रार राहत नाही. पण त्याच ग्रुपमुळे शिक्षिकांनाही रात्री अकरापर्यंत पालकांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, असे माझ्या जुन्या सहकारी भगिनी सांगतात. त्यांचीही सुटका होईल. गैरहजर मुलाचे काय, असेही विचारले जाते. पूर्वी असे मूल संध्याकाळी शेजारच्या वर्गमित्राकडे वही मागायला जाई, तिथे चार घास खाई आणि अंधार पडला की परत येई. ते जाणे-येणे बंद झाले, याचे मला जास्त वाईट वाटते.

माझे मागणे एवढेच आहे की, दहावीपर्यंतचा लेसन शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहावा आणि मुलांकडून डायरीत उतरवून घ्यावा. ग्रुप फक्त पालकांना सुट्टी, फी, सहल यांची सूचना देण्यासाठी ठेवावा आणि तोही संध्याकाळी सहानंतर बंद असावा. ज्या पालकांना शक्य आहे त्यांनी दहावीच्या आधी मुलाला स्वतःचा स्मार्टफोन न देण्याचे वर्गापुरते एकत्र ठरवावे. बोलण्यापुरता साधा बटणांचा फोन पुरतो. आणि आम्ही मोठ्यांनी, मी धरून, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. मी १ फेब्रुवारीपासून ठेवते आहे. पहिले चार दिवस हात सारखा तिकडे जात होता.

नातीच्या वर्गात ५२ मुले आहेत. या मागणीच्या अर्जावर आजवर १९ पालकांनी सह्या केल्या आहेत. काहींनी, मुलावर राग निघेल, या भीतीने सही टाळली. शाळेचे नाव म्हणूनच इथे लिहीत नाही. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी पालकसभा आहे आणि अर्ज तिथे द्यायचा आहे. त्याआधी हे पत्र आपण छापलेत तर त्याचे कात्रण अर्जाला जोडता येईल आणि उरलेल्या घरांमध्ये ते घेऊन मला पुन्हा एकदा जाता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे